केनियात पॉलिहाऊस आणि ॲक्वापोनिक्स: भाजी फायद्यात पिकवायची तर सुरुवात कुठून करावी

नैवाशा, थिका, लिमुरू या पट्ट्यातल्या गुलाबाच्या फार्मवर आपल्याकडचे कृषी पदवीधर बरेच आहेत. दोन-तीन वर्षं झाली, हवा अंगवळणी पडली, चार शब्द स्वाहिली यायला लागले, की मनात येतंच: दुसऱ्याच्या पॉलिहाऊसमध्ये फुलं पिकवतोच आहोत, तर आपली स्वतःची भाजी का नको? त्यात कुणीतरी मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवल्याचा, म्हणजे ॲक्वापोनिक्सचा, व्हिडिओ पाठवतं आणि डोक्यात चक्र सुरू होतं. असा विचार करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मी या सगळ्यातून गेलो आहे आणि माझ्या वेळी हे कुणी नीट क्रमाने सांगितलं असतं तर खूप बरं झालं असतं.

नैरोबीच्या आसपास हे काम जमतं. विषुववृत्त जवळ असलं तरी शहर जवळपास १,७०० मीटर उंचीवर आहे. बारा महिने जवळजवळ बारा तासांचा दिवस, रात्री गार, आणि विदर्भ-मराठवाड्यासारखा भाजून काढणारा उन्हाळा नाही. तरीही कियांबूपासून काजियाडोपर्यंत प्लॅस्टिक फाटलेले, आत गवत माजलेले सांगाडे रस्त्याकडेला दिसतात. यातल्या बहुतेकांचा क्रम चुकलेला असतो: आधी सांगाडा, मग पीक, मग पाणी आणि माल निघाल्यावर गिऱ्हाईक. तुम्ही उलट जा. आधी गिऱ्हाईक, मग जागा आणि पाणी, मग पॉलिहाऊस आणि मासे सगळ्यात शेवटी.

१. पहिला महिना फक्त बाजार फिरा

नैरोबीच्या वाकुलिमा मार्केटला, म्हणजे लोक ज्याला मारिकीटी म्हणतात तिथे, उजाडायच्या आत जा. सुकुमा विकी या पालेभाजीचे भारे, कोबी, लाकडी खोक्यातले टोमॅटो कसे उतरतात आणि दलाल भाव कसा पाडतो, ते उभं राहून बघा. सुकुमा विकी घरोघरी लावतात. तिच्या भावात पॉलिहाऊसचा हप्ता निघत नाही, मग माशांच्या टाकीचा खर्च तर सोडाच. हे एवढं पटलं तरी अर्धं नुकसान टळलं.

मग पार्कलँड्स, न्गारा आणि सिटी पार्क मार्केटला जा. तिथे भारतीय घरांची खरेदी चालते: मेथी, कोथिंबीर, हिरवी मिरची, कारली, दुधी, कढीपत्ता. कोवळी, वाळू न लागलेली, मुळासकट बांधलेली मेथीची जुडी असली तर तिथली गिऱ्हाईकं फार घासाघीस करत नाहीत. तिसरा वर्ग हॉटेलं आणि कॅफेंचा, त्यांना लेट्यूस, बेसिल, पुदिना, रंगीत ढोबळी हवी असते. शेफला तीनच प्रश्न विचारा: आठवड्याला किती, कोणत्या वारी, आणि पैसे किती दिवसांनी? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोलमाल आलं तर त्या हॉटेलच्या भरवशावर वाफा लावू नका.

टोमॅटोचं गणित ऋतूवर चालतं. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस, आणि जून ते ऑगस्ट ढगाळ गारठा. पावसात आणि गारठ्यात उघड्यावरच्या टोमॅटोवर करपा पडतो, माल घटतो आणि साधारणपणे भाव चढतो. पॉलिहाऊसच्या टोमॅटोला खरी किंमत तेव्हाच मिळते. रोप लावल्यापासून पहिल्या तोड्याला इथे अडीच ते तीन महिने लागतात, म्हणून एप्रिलमध्ये माल हवा असेल तर लागवड जानेवारीच्या सुरुवातीला. जानेवारी-फेब्रुवारीत सगळीकडे टोमॅटो असताना तुमचाही निघाला, तर उत्तम पीक येऊनही हातात काही राहत नाही.

२. जमीन आणि कागदपत्रं: इथे घाई करू नका

परदेशी माणसाला केनियात शेतजमिनीचा व्यवहार सरळ करता येत नाही. २०१० च्या राज्यघटनेनुसार परदेशी व्यक्तीला जमीन जास्तीत जास्त ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळू शकते. पण शेतजमीन असेल तर विक्रीच काय, भाडेपट्ट्यालाही लँड कंट्रोल बोर्डाची संमती लागते, आणि परदेशी व्यक्तीच्या किंवा परदेशी भागधारक असलेल्या कंपनीच्या बाबतीत खास सूट नसेल तर बोर्डाला ती नाकारावीच लागते. ‘मित्राच्या नावावर घेऊ, आपसात लिहून ठेवू’ हा सगळ्यात मोठा सापळा आहे. भांडण झालं तर त्या चिठ्ठीला काही किंमत नसते. केनियन नागरिक असलेला भागीदार, त्याची जमीन, आणि कामाचा व नफ्याचा वाटा स्पष्ट लिहिलेला करार, हा मार्ग व्यवहार्य. त्यासाठी जमिनीचा स्वतंत्र वकील घ्या. समोरच्याचा वकील वापरू नका.

लागणारे कागद असे:

- योग्य वर्गाचा वर्क परमिट. शेती-पशुपालनासाठी ‘बी’ वर्ग, व्यवसायासाठी ‘जी’ वर्ग. ‘जी’साठी १,००,००० अमेरिकन डॉलरचं भांडवल दाखवावं लागतं. नोकरीचा ‘डी’ परमिट ज्या मालकाचा, त्याच्याच कामापुरता असतो. तो दाखवून स्वतःचा धंदा करता येत नाही.
- ई-सिटिझन या सरकारी पोर्टलवरून कंपनीची नोंदणी आणि केआरए (कर खातं) पिन.
- जमिनीचा अधिकृत सर्च (मालकीची तपासणी) आणि नोंदवलेला करार.
- काउंटीचा व्यवसाय परवाना.
- बोअर मारायची असेल तर भूजल सर्वेक्षण, वॉटर रिसोर्सेस अथॉरिटीची परवानगी आणि नेमा या पर्यावरण प्राधिकरणाची मंजुरी.
- मासे ठेवणार असाल तर काउंटीच्या मत्स्य अधिकाऱ्याकडे आधीच चौकशी. कोणता परवाना लागेल ते तोच सांगेल.
- कामगारांसाठी एनएसएसएफ (सामाजिक सुरक्षा निधी) आणि आरोग्य विम्याची नोंदणी.

आणि एक कळकळीची विनंती. गावाहून येताना पिशवीत मेथीचं किंवा वांग्याचं बी आणू नका. केफिस या वनस्पती-तपासणी संस्थेचा आयात परवाना आणि भारतातलं वनस्पती-स्वास्थ्य प्रमाणपत्र याशिवाय बी आणणं बेकायदा आहेच, शिवाय त्याबरोबर रोगही येतो. चांगलं बी इथे मिळतं.

३. पाणी तपासल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका

नैरोबी आणि रिफ्ट व्हॅलीतल्या बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त असतं. दिसायला पाणी स्वच्छ, चवीला थोडं गुळमिट. पण असं पाणी वर्षभर ठिबकने दिलं की माती चिकट होते, सामू (पीएच) चढतो आणि कोवळी पानं पिवळी पडतात, कारण लोह असूनही झाडाला मिळत नाही. ॲक्वापोनिक्समध्ये तर हेच पाणी पुन्हापुन्हा फिरतं, म्हणून त्रास आणखी.

प्रयोगशाळेतून सामू, क्षारता, विद्युतवाहकता, सोडियम आणि फ्लोराईड एवढं तरी तपासून घ्या. अहवाल वाईट आला आणि जागा फारच आवडली असेल, तर पॉलिहाऊसच्या छपराचं पावसाचं पाणी साठवा. ८ बाय ३० मीटरच्या छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी येतं. पन्हळ आणि टाकीचा खर्च बोअरपेक्षा कितीतरी कमी. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडून जायला ते उघड्या टाकीत एक-दोन दिवस ठेवून मगच माशांना द्या.

४. पॉलिहाऊस: उंची आणि हवा यांवर पैसे घाला

इथे ८ बाय १५ आणि ८ बाय ३० मीटर ही मापं सर्रास मिळतात. पहिल्यांदा लहानच घ्या. विकणारा तुम्हाला ‘इतकी रोपं, प्रत्येकी इतके किलो, इतके पैसे’ असा कागद दाखवेल. त्या कागदावर रोपं दाटीने बसवलेली असतात. टोमॅटो चौरस मीटरला २ ते अडीच रोपांपेक्षा जास्त लावू नका. ८ बाय ३० मध्ये म्हणजे ४८० ते ६०० रोपं. दाटी केली की हवा खेळत नाही आणि करपा आतही येतो.

प्लॅस्टिक २०० मायक्रॉनचं, यूव्ही प्रक्रिया केलेलं. बाजूंना किडींची बारीक जाळी, छपराला वरून हवा निघायला जागा, आणि दाराला दुहेरी पडदा. स्थानिक फुंडी, म्हणजे कारागीर, लाकडी सांगाडा स्वस्तात करून देतात आणि तो वाईट नसतो, फक्त खांबांच्या बुडाला वाळवी लागणार नाही एवढं बघा.

जागेची उंची लक्षात घ्या. किसुमू १,१०० मीटरच्या थोडं वर, मोंबासा समुद्रकाठी. तिथे प्लॅस्टिकच्या बंद सांगाड्यात दुपारी झाडं उकडून निघतात, फुलं गळतात. तिकडे शेडनेट पुरे. महाराष्ट्रात पॉलिहाऊसचा हिशेब करताना आपण अनुदान धरतो. इथे ते धरून चालू नका.

५. मर रोगाचा बंदोबस्त लागवडीआधी

केनियातली पॉलिहाऊस ओस पडली त्यात जिवाणूजन्य मर रोगाचा वाटा मोठा आहे. झाड हिरवंगार असतं, फळं धरलेली असतात, आणि दुपारी अचानक मान टाकतं. पाणी कमी पडलं असेल म्हणून माणूस आणखी पाणी सोडतो आणि तेच पाणी रोग पुढच्या झाडाकडे नेतं.

शंका आली की खोड जमिनीजवळ कापा आणि त्याचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात, कापलेली बाजू बुडेल असा, न हलवता धरा. काही मिनिटांत पांढरट दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर तो हाच रोग. औषध नाही. दुकानदार काहीतरी बाटली हातात देईल, ती घेऊ नका. झाड मुळं आणि भोवतालच्या मातीसकट पिशवीत भरून बाहेर न्या आणि त्या ओळीचं ठिबक बंद करा.

म्हणून लागवडीआधी मातीची रोगासाठी तपासणी करून घ्या. बटाट्याचं जुनं रान असेल तर जास्तच, कारण बटाटा, टोमॅटो, वांगी, ढोबळी, मिरची ही सगळी एकाच कुळातली आणि एकाच रोगाची गिऱ्हाईकं. टोमॅटोनंतर ढोबळी लावून फेरपालट केल्याचं समाधान मानू नका. मेथी, कोथिंबीर, कांदा, कोबीवर्गीय घ्या. दारात जंतुनाशकाचं पायपुसणं ठेवा आणि आतली गमबुटं आतच राहू द्या. पाहुण्यांना, अगदी प्रेमाने बघायला आलेल्या मंडळातल्या मित्रांनाही, जाळीबाहेरूनच दाखवा. माती रोगट निघाली तर कलमी रोपं घ्या किंवा पिशव्यांत प्युमिस भरून त्यात लागवड करा. नैवाशा-लोंगोनोट भागातला हा ज्वालामुखीचा हलका दगड इथे मुबलक मिळतो आणि गुलाबवाले तो वापरतातच.

दुसरा शत्रू टूटा, म्हणजे टोमॅटोची नागअळी. ती केनियात २०१४ मध्ये आली. पानात पांढरट चट्टे, आत अळी. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) पहिल्या दिवसापासून लावा.

६. ॲक्वापोनिक्स: माशांपासून नाही, खाद्यापासून मोजा

एक-दोन हंगाम मातीत नीट गेले, पैसे वेळेवर यायला लागले, की मग माशांकडे वळा. तत्त्व सोपं आहे. मासे खाद्य खातात आणि अमोनिया सोडतात. जिवाणू त्याचं आधी नायट्राईट, मग नायट्रेट करतात. नायट्रेट झाडं घेतात आणि पाणी स्वच्छ होऊन परत माशांकडे जातं. पाणी फार थोडं लागतं, काजियाडोसारख्या कोरड्या भागात हा मोठा फायदा.

नवखे लोक ‘किती मासे सोडू’ असं विचारतात. तुम्ही वाफ्यापासून सुरू करा. पालेभाजीच्या एक चौरस मीटर वाफ्याला रोज ४० ते ५० ग्रॅम मत्स्यखाद्य लागतं. तुमचा वाफा २० चौरस मीटर धरू. म्हणजे रोज ९०० ग्रॅम खाद्य. वाढीतला तिलापिया रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के खातो. ९०० ग्रॅम संपवायला ४५ ते ६० किलो मासे हवेत. नवख्याने हजार लिटरमागे १५ किलोच्या वर जाऊ नये, म्हणून टाकी ३ ते ४ हजार लिटरची. झाला आराखडा.

आता महिन्याचं बघा. २७ किलो खाद्य जातं. दीड-पावणेदोन किलो खाद्याला एक किलो मासा धरला, तर १५-१८ किलो मासळी. त्याच पाण्यावर लेट्यूसचे, चौरस मीटरला २० या दराने, ४०० गड्डे पाच-सहा आठवड्यांत. दोन्हींचा आजचा भाव लिहून गुणाकार करा. खाद्याचा खर्च वजा केला की माशांचा स्वतःचा हिशेब जेमतेम बरोबरीत सुटतो. पैसा पाल्यात आहे. मासे हे इथे खत तयार करणारे कामगार समजा. त्यातून चीनहून येणारा गोठवलेला तिलापिया नैरोबीत स्वस्त विकला जातो, त्याच्याशी भावात भिडायला जाऊ नका.

मोठी अडचण गारठ्याची. तिलापियाला २७ ते ३० अंशांचं पाणी मानवतं. जुलैत नैरोबीच्या उघड्या टाकीतलं पाणी २० च्या खाली जातं, मासे खाद्याकडे बघत नाहीत, आणि खाद्य थांबलं की वाफाही उपाशी राहतो. म्हणून टाकी पॉलिहाऊसच्या आत, रात्री झाकण, आणि जून ते ऑगस्ट वाफ्याचा काही भाग रिकामा ठेवायची तयारी. लिमुरूच्या थंडीत तिलापियाचा नाद सोडावा. काम्बाले, म्हणजे आफ्रिकन मागूर, हवेतूनही श्वास घेतो, वीज गेली तरी तग धरतो. नवख्याला तो जास्त सोयीचा, पण त्याला गिऱ्हाईक आधी शोधा.

तिलापियाची बोटुकली, म्हणजे लहान पिल्लं, एकलिंगी नरच घ्या. नर-मादी मिसळले तर टाकीत पिल्लंच पिल्लं होतात आणि एकही मासा ताटाच्या मापाचा होत नाही. किरिन्यागा काउंटीत सगाना इथे सरकारी मत्स्यसंशोधन केंद्र आहे, तिथे चौकशी करा, प्रशिक्षणही मिळतं.

७. जिवाणू बसेपर्यंत धीर धरा

टाकी भरली, पंप फिरला, आणि दुसऱ्या दिवशी सगळे मासे सोडले, की आठवड्याभरात मासे पालथे. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू बसायला ४ ते ६ आठवडे लागतात, गारव्यात त्याहून जास्त. सुरुवातीला मोजके मासे, चिमूटभर खाद्य. आधी अमोनिया चढतो, मग नायट्राईट, आणि शेवटी दोन्ही जवळजवळ शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागतं. त्यानंतरच मासे वाढवा.

जवळ हे हवंच:

- अमोनिया, नायट्राईट, नायट्रेट आणि सामू मोजायचा संच
- थर्मामीटर, आणि जमल्यास विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं यंत्र (लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर हवा)
- एक पंप आणि त्याच मापाचा दुसरा, खोक्यात तयार
- एअर पंप, बारीक बुडबुडे सोडणारे हवेचे दगड, गाळ बसायला वेगळी टाकी
- लोहाचं चिलेट (झाडाला घेता येईल असं लोह), चुना आणि पोटॅशचा क्षार

वाफ्यात भरायची खडी निवडताना मूठभर खड्यांवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर चुनखडी आहे, सामू चढवत राहील. प्युमिस इथेही उत्तम. जिवाणूंच्या कामाने सामू हळूहळू उतरतो, तो ६.८ ते ७.२ मध्ये ठेवा, आणि वाढवायचा तर थोडा थोडा, एकदम नाही. माशांच्या खाद्यात लोह, पोटॅश आणि कॅल्शियम झाडांना पुरेल इतकं नसतं, ते वरून द्यावं लागतं.

आणि फवारणी बंद. मातीतल्या पॉलिहाऊसमध्ये वापरलेला पंपसुद्धा इकडे आणू नका. तांबं असलेली बुरशीनाशकं माशांना विष आहेत. जाळी, पिवळे चिकट सापळे आणि रोजची नजर, एवढ्यावरच चालवायचं. टाकीचं पाणी कच्च्या खायच्या पानांना लागू देऊ नका.

८. वीज

केनियात वीज जाते, पावसाळ्यात तर तासन् तास. दाट मासे असलेल्या टाकीत हवा बंद झाली की तिलापिया तासाभरात पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकू लागतो. इन्व्हर्टर-बॅटरीवर निदान एअर पंप रात्रभर चालला पाहिजे. पाण्याचा पंप काही तास थांबला तरी चालतो. सोलर पॅनल इथे परवडतात. रात्री शांबावर, म्हणजे शेतावर, झोपणाऱ्या माणसाच्या फोनवर वीज गेल्याचा गजर वाजेल अशी सोय करा, आणि त्या माणसाला पगार चांगला द्या.

९. माल आणि पैसे

२८ ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि दंड जबरदस्त आहे. जुड्या दोऱ्याने बांधा, क्रेट परत येणारे ठेवा. हॉटेलं केआरएची ई-टिम्स (कराची इलेक्ट्रॉनिक) पावती मागतात, ती पद्धत पहिल्या विक्रीआधी लावून घ्या.

सुपरमार्केटची मोठी ऑर्डर मोह पाडते. नाकुमॅट ही साखळी बुडाली तेव्हा पुरवठादारांचे पैसे अडकले होते, हे इथले शेतकरी विसरलेले नाहीत. एकाच उधारीच्या गिऱ्हाईकाला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माल देऊ नका. पार्कलँड्समधल्या दहा घरांना आठवड्याला ठरलेली टोपली, एम-पेसावर (मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा) आगाऊ पैसे, आणि सोसायटीच्या गेटवर ठरलेल्या वेळी पोहोच, ही व्यवस्था छोटी दिसते पण ठिबकच्या नळीपासून माशांच्या खाद्यापर्यंतचा चालू खर्च तीच भागवते. मासे काढाल तेव्हा त्याच घरांना आदल्या दिवशी निरोप द्या. जिवंत वजन करून, तिथेच साफ करून बर्फात दिलेल्या माशाला गोठवलेल्या मालापेक्षा वेगळा भाव मिळतो. काढणीच्या आधी काही दिवस खाद्य बंद करून स्वच्छ पाण्यात ठेवलेत तर मातकट वास कमी होतो, आणि पुढच्या खेपेला निरोप तिकडून येतो.